वाचकाच्या हाती दिलेलं काम

१. संकेतस्थळावर जाऊन मी करू काय?

ग्रंथालयांचा विषय निघाला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "पुस्तकं घरपोच मिळतात, माहिती मोबाइलवर मिळते, मग ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जाऊन मी करू काय?" प्रश्न रास्त आहे, कारण बहुतेक ग्रंथालयांच्या संकेतस्थळावर करण्यासारखं खरोखरच काही नसतं. इमारतीचा फोटो, संस्थेचा इतिहास, पदाधिकाऱ्यांची नावं, वेळापत्रक आणि वर्गणीचे दर. सूचनाफलकावरचा कागद पडद्यावर आला, एवढाच काय तो फरक. वाचक एकदा येतो, वेळ बघतो आणि निघून जातो.

काही ग्रंथालयांनी मात्र २००८च्या आसपास वेगळी वाट धरली. वाचकाला नुसतं दाखवायचं सोडून त्यांनी त्याच्याकडे काम मागितलं. तंत्र त्यासाठी तयारच होतं. साधं वेबपान आपल्याला फक्त वाचता येतं. संवादी पान आपल्याकडूनही काही घेतं: आपण लिहिलेला शब्द, टिचकी मारून दिलेलं उत्तर, नकाशावर ठेवलेलं बोट. ते घेतल्यावर पान बदलतं आणि तो बदल पुढच्या माणसाला दिसतो. रेल्वेचं आरक्षण करताना आपण हेच करतो. ग्रंथालयांनी या सोयीचा जो उपयोग केला, तो समजायला आधी एक अडचण समजून घ्यावी लागते.

२. यंत्र वाचतं, पण चुकतं

जुनं वर्तमानपत्र स्कॅन केलं की संगणकाच्या लेखी ते एक चित्र असतं. त्यात अक्षरं आहेत हे आपल्याला दिसतं. संगणकाला दिसतात काळे-पांढरे ठिपके. त्या ठिपक्यांतून अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीला ओसीआर म्हणतात. ती चित्र बघून मजकूर टाइप करते. मजकूर तयार झाला तरच शोध घेता येतो, नाहीतर लाखो पानं डोळ्यांनी चाळत बसायचं.

नव्या, स्वच्छ छापील पानावर ओसीआर चांगलं चालतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या पानावर शाई पसरलेली असते, खिळे झिजलेले असतात, पाठच्या बाजूची छपाई आरपार दिसते. त्यात बऱ्याचदा स्कॅनही मूळ कागदावरून न होता पूर्वी काढलेल्या मायक्रोफिल्मवरून झालेलं असतं. मग चुका होतात.

किती झाल्या तर अडतं? समजा, शंभरातली ९८ अक्षरं बरोबर वाचली गेली. ऐकायला छान वाटतं. आता विल्यम जॉन्सन या नावाचा माणूस शोधायचा आहे. इंग्रजीत या नावाची अक्षरं सात आणि सात, एकूण चौदा. चौदाही बरोबर आली तरच नाव सापडणार. ०.९८ला चौदा वेळा गुणलं की उत्तर येतं साधारण ०.७५. म्हणजे पानावर नाव ठळक छापलेलं असूनही चारांतल्या एका ठिकाणी शोध रिकाम्या हाताने परत येतो. अक्षरांची अचूकता ९५ टक्क्यांवर उतरली, तर हेच नाव निम्म्याहून अधिक वेळा हुकतं. कुणी आपल्या पणजोबांविषयीची बातमी शोधत असतं, ती छापलेलीही असते आणि तरी त्याला 'काही सापडलं नाही' असं उत्तर मिळतं.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे माणसाने चित्र बघून मजकूर दुरुस्त करणं. पण कोट्यवधी ओळी तपासायला पगारी माणसं ठेवणं कुठल्याच ग्रंथालयाला परवडत नाही.

३. कॅनबेराने दार उघडं ठेवलं

ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरातल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने राज्यांच्या ग्रंथालयांना सोबत घेऊन २००७मध्ये जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटायझेशनचं काम हाती घेतलं. १८०३मध्ये सिडनीत निघालेल्या तिथल्या पहिल्या वर्तमानपत्रापासून ते १९५४पर्यंतचा हा मजकूर. जुलै २००८मध्ये त्याची पहिली आवृत्ती लोकांसाठी खुली झाली. पुढे ती 'ट्रोव्ह' या मोठ्या संकेतस्थळाचा भाग बनली. या कामाची सूत्रं रोझ हॉली यांच्याकडे होती, आणि त्यांच्या चमूने घेतलेला निर्णय आजही धाडसी वाटतो: ओसीआरचा चुकलेला मजकूर लपवायचा नाही, तो जसाच्या तसा वाचकासमोर ठेवायचा आणि दुरुस्त करायची मुभा सगळ्यांना द्यायची.

सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना. सुरुवातीला नावनोंदणीचीही अट नव्हती. दुरुस्ती आधी कर्मचाऱ्याने तपासावी आणि मग ती दिसावी, अशी पायरीही ठेवली नाही.

पडद्यावर हे कसं दिसतं? एका बाजूला बातमीचं चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर, ओळीसमोर ओळ. आपण ओळीवर टिचकी मारायची, चित्रात बघायचं, चुकलेला शब्द नीट करायचा आणि जतन करायचं. इंग्रजीत 'आर' आणि 'एन' शेजारी आले की झिजलेल्या छपाईत यंत्राला ते हमखास 'एम' वाटतात. माणसाला मात्र आगेमागे बघून क्षणात उलगडा होतो. सगळी बातमीच तपासली पाहिजे असंही नाही. एक ओळ केली तरी चालते, आणि केलेली दुरुस्ती लगेच शोधाच्या कक्षेत येते.

लग्नघरात तांदूळ निवडायला बायका बसतात, तशी ही तऱ्हा. येईल तिने समोरचं सूप ओढायचं, जमेल तेवढं निवडायचं. कुणी तासभर बसतं, कुणी दोन मुठी निवडून उठतं. निवडता येतं की नाही याची परीक्षा कुणी घेत नाही आणि तरी पोतं रिकामं होतं.

पहिल्या सहा महिन्यांतच वीस लाखांहून अधिक ओळी लोकांनी दुरुस्त केल्या. लोक गैरवापर करतील, मुद्दाम घाण करून ठेवतील ही भीती होती. तसं काही या काळात आढळलं नाही. काम करणाऱ्यांत घराण्याचा इतिहास शोधणारे पुष्कळ होते. आपल्या आजोबांचं नाव ज्या बातमीत सापडलं, ती बातमी ते दुरुस्त करत. मग शेजारची करत. मग त्या गावच्या सगळ्या बातम्या. सर्वाधिक ओळी दुरुस्त करणाऱ्यांची यादी संकेतस्थळावर झळकत असे आणि त्यात वर जाण्याची चुरसही लागे. पण मुळाशी होतं ते आपल्या माणसांबद्दलचं कुतूहल.

माझ्या मते या यशाचं मर्म रचनेतल्या दोन गोष्टींत आहे. पहिली, मूळ चित्र कायम शेजारी उभं असतं, त्यामुळे खरं काय हे कुणालाही पडताळता येतं. दुसरी, दुरुस्तीमुळे जुनं काही पुसलं जात नाही. आधीचं रूप साठवलेलं राहतं आणि कुणी बिघडवलंच तर ते परत आणता येतं. हे दोन आधार असले की अनोळखी माणसावर विश्वास टाकणं हा भाबडेपणा राहत नाही.

४. बरोबर कशावरून?

"लोकांनी केलेलं काम बरोबर कशावरून?" हा त्यानंतरचा प्रश्न. ग्रंथपालांच्या बैठकीत तर तो पहिलाच असतो. त्याची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी निघाली.

एक उत्तर तुम्ही स्वतः अनुभवलं असण्याची शक्यता आहे. संकेतस्थळावर शिरताना वेडीवाकडी अक्षरं ओळखायला सांगत, ते आठवत असेल. रीकॅप्चा नावाच्या प्रणालीने २००७पासून तिथे दोन शब्द दाखवायला सुरुवात केली. त्यातल्या एकाचं उत्तर संगणकाला माहीत असे; दुसरा जुन्या छपाईतून उचललेला, यंत्राला न वाचता आलेला शब्द असे. पहिला बरोबर लिहिलात तर दुसराही बरोबर असण्याचा संभव मोठा. तोच शब्द अनेकांना दाखवून उत्तरं जुळली की तो पक्का. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जुन्या अंकांसाठी जगभरच्या लोकांनी असं नकळत टंकन केलं.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१३मध्ये 'बिल्डिंग इन्स्पेक्टर' या उपक्रमात मतैक्याची रीत वापरली. आगविमा कंपन्यांसाठी एकोणिसाव्या शतकात काढलेल्या नकाशांत शहरातलं प्रत्येक घर रेखलेलं होतं. संगणकाने त्या घरांच्या कडा शोधल्या आणि लोकांना विचारलं: ही आकृती बरोबर, दुरुस्त करायची, की घरच नाही? एकेक आकृती किमान तिघांना दाखवायची आणि पाऊणहून कमी मतं जुळली तर आणखी लोकांकडे पाठवायची. हे काम बसमध्ये बसून मोबाइलवर करता येई, इतकं छोटं होतं.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१८मध्ये 'बाय द पीपल' हा हस्तलिखितं उतरवण्याचा उपक्रम सुरू केला तो लिंकन यांच्या कागदपत्रांतली पत्रं पुढे ठेवून. हस्ताक्षरातल्या मजकुरावर मतदान घेऊन भागत नाही. तिथे एकाने वाचून लिहायचं आणि दुसऱ्याने तपासून शिक्कामोर्तब करायचं, अशी साधी दोन हातांची रीत आहे.

५. जेवणाच्या यादीतून उलगडलेलं शहर

न्यूयॉर्कच्याच ग्रंथालयात मिस फ्रँक बटॉल्फ नावाच्या बाईंनी १९०० सालापासून हॉटेलांची मेनूकार्डं जमवायला सुरुवात केली. १९२४मध्ये त्या वारल्या, तोवर पंचवीस हजारांहून अधिक कार्डं गोळा झाली होती. आता संग्रह पंचेचाळीस हजारांच्या घरात आहे. बँकेटची कार्डं, आगबोटींवरची, साध्या खाणावळींची. नक्षीदार, वळणदार अक्षरांपुढे ओसीआरचं काही चालेना. ग्रंथालयाने एप्रिल २०११मध्ये ती वेबवर मांडली आणि विचारलं, मेनूवर काय आहे?

वाचकाने कार्डाच्या चित्रावर एका पदार्थाशी टिचकी मारायची, नाव लिहायचं, किंमत लिहायची. झालं. इतकं सोपं काम कुणालाही नाही म्हणवत नाही. पुढे सतरा हजारांहून अधिक कार्डांवरच्या तेरा लाखांच्या आसपास नोंदी अशा तयार झाल्या आणि ग्रंथालयाने तो सगळा साठा कुणालाही उतरवून घेता येईल असा खुला ठेवला. कॉफी कुठल्या वर्षी किती सेंटला होती, ऑयस्टर कुठल्या दशकात सगळीकडे मिळत होते, एखादा फ्रेंच पदार्थ कधी दिसायला लागला आणि कधी नाहीसा झाला, असे प्रश्न आता साध्या तक्त्यावर विचारता येतात. खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासकांना इतकी वर्षं असा साठा कुणी दिला नव्हता.

६. फोटोत कोण आहे?

लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८मध्ये सुमारे तीन हजार छायाचित्रं फ्लिकर या लोकप्रिय संकेतस्थळावर ठेवली. त्यांतली निम्मी १९१०च्या आसपासच्या एका वृत्तछायाचित्र संस्थेची होती. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हवर कुणीतरी घाईत एखादं आडनाव खरडलेलं, बाकी काहीच माहिती नाही.

लोकांनी त्या आडनावांचा पाठपुरावा केला. जुन्या वर्तमानपत्रांतून त्याच दिवसाची बातमी शोधली, इमारती ओळखल्या, खेळाडूंची पूर्ण नावं लावली आणि पुरावा जोडून फोटोखाली लिहिलं. दहा महिन्यांत सात हजारांवर टिपा आल्या. आक्षेपार्ह म्हणून काढून टाकाव्या लागल्या त्या पंचविसाहूनही कमी. ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनी लोकांनी दिलेली माहिती पडताळली आणि पाचशेहून अधिक फोटोंची मूळ सूचीतली नोंद सुधारली.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ही शेवटची पायरी. वाचकाने दिलेली माहिती अधिकृत सूचीत गेली. अनेक संस्था 'आपला अभिप्राय कळवा' अशी चौकट ठेवतात आणि आलेलं कुणी उघडूनही बघत नाही. अशा चौकटीत माणूस एकदा लिहितो, पुन्हा लिहीत नाही. आपण सांगितलेलं नाव फोटोखाली छापलेलं दिसलं, तर मात्र तो दुसऱ्या फोटोकडे वळतोच.

७. खेळ

फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने फेब्रुवारी २०११मध्ये हेच दुरुस्तीचं काम खेळात घातलं. पडद्यावर शब्दाचं चित्र येतं, आपण ते टाइप करायचं; बरोबर असेल तर पुलाला एक ठोकळा जोडला जातो आणि चिचुंदरीसारखे छोटे प्राणी पलीकडे पोचतात. नव्या खेळाडूला आधी उत्तर माहीत असलेले शब्द देऊन त्याची पारख केली जाई. एक लाखाच्या वर लोक खेळले आणि ऐंशी लाख छोटी कामं झाली.

गर्दी जमवायला खेळ चांगला. पण सुटा शब्द टाइप करणाऱ्याला आपण कुठली बातमी दुरुस्त करतो आहोत हे कळत नाही, आणि मग तो मजकुराशी जोडला जात नाही. ट्रोव्हवर बातमी वाचता वाचता दुरुस्ती होते. दोन्हींतून निवड करायची झाली, तर मी ट्रोव्हची रीत निवडेन.

याचं एक कारण पुढे प्रत्यक्षात दिसलं. २०२२-२३मध्ये ट्रोव्हचा निधी जून २०२३नंतर संपणार, असं चित्र निर्माण झालं. देशभरातून आवाज उठला. इतिहासाचे प्राध्यापक बोलले, तसे निवृत्त शिक्षक आणि घराण्याच्या वंशावळी मांडणारे सामान्य लोकही बोलले. एप्रिल २०२३मध्ये सरकारने चार वर्षांसाठी तीन कोटी तीस लाख डॉलरची तरतूद जाहीर केली. ज्यांनी वर्षानुवर्षं आपल्या हातांनी ओळी दुरुस्त केल्या होत्या, त्यांना ते संकेतस्थळ सरकारचं न वाटता स्वतःचं वाटत होतं.

८. रोजच्या देवघेवीत

एवढं मोठं काम प्रत्येक ग्रंथालयाला जमणार नाही, आणि जमायलाच हवं असंही नाही. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झालेली कोहा ही संगणकप्रणाली फुकट मिळते. आपल्याकडची अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयं ती वापरतात. तिच्यात वाचकासाठी 'हे पुस्तक घ्या' असं सुचवण्याची सोय आहे. वाचक घरून नाव, लेखक, प्रकाशक भरतो. ग्रंथपाल ती सूचना मंजूर किंवा नामंजूर करतात, आणि पुस्तक मागवलं, आलं, हे वाचकाला ईमेलने कळतं. आपल्या आवडीच्या पुस्तकांची यादी करून इतरांना दाखवता येते, पुस्तकावर चार ओळी लिहिता येतात.

गंमत अशी की ही सोय असूनही पुष्कळ ठिकाणी ती बंद करून ठेवलेली असते. 'कोण बघत बसणार' हे त्याचं कारण. आठवड्यातला एक तास एका कर्मचाऱ्याला त्यासाठी दिला, तरी काम भागतं.

९. आणि मराठी पानं?

'लोकांनी तपासलेला मजकूर' ही कल्पना मराठीत प्रत्यक्ष बघायची असेल, तर मराठी विकिस्रोत उघडावं. हे एका अर्थी स्वयंसेवकांनी चालवलेलं ग्रंथालयच आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली की भारतात त्याच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपतो. महात्मा फुले, हरिभाऊ आपटे यांचं लेखन कधीच मुक्त झालेलं आहे. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११पासून मुक्त झालं. अशा पुस्तकांची स्कॅन केलेली पानं इथे एकेक करून तपासली जातात. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलेलं पिवळं, दुसऱ्याने पुन्हा पाहिलेलं हिरवं. पिवळं करणाऱ्याला तेच पान हिरवं करता येत नाही. त्याला दुसराच माणूस लागतो.

देवनागरी पान तपासताना यंत्राच्या चुका फार जवळून दिसतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांची अदलाबदल नेहमीची. 'ख'चा 'रव' होतो, म्हणजे 'खरा' शोधणाऱ्याला तो सापडतच नाही, कारण संगणकाकडे 'रवरा' लिहिलेलं असतं. शिरोरेषा तुटली की एका शब्दाचे दोन होतात. अनुस्वाराचं टिंब आणि कागदावरचा डाग यंत्राला सारखेच.

शिवाय एक पथ्य पाळावं लागतं. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'तें', 'कां' असं सानुस्वार लेखन असतं. आजच्या सवयीने हात ते अनुस्वार पुसायला जातो. पुसायचे नाहीत. पानावर जे आहे तेच उतरवायचं, कारण तो त्या काळच्या मराठीचा पुरावा आहे. शाळेत शुद्धलेखनात पहिला येणारा माणूस इथे सुरुवातीला हमखास अडखळतो, आणि मग त्यालाच या कामाची गोडी सर्वांत जास्त लागते.

महाराष्ट्रात शंभरी उलटलेली ग्रंथालयं कमी नाहीत. रत्नागिरीचं १८२८चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत बऱ्याचदा गावची साप्ताहिकं, संमेलनांच्या स्मरणिका आणि नावं न लिहिलेले समूहफोटो असतात. यातलं काय आधी घ्यावं? माझं मत गावच्या साप्ताहिकाला. त्यात गावातल्या घरांची नावं असतात, आणि पुण्या-मुंबईत, दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारा नातू ती नावं शोधत येतो. फोटो त्यानंतर, पण लवकर; कारण त्यातली माणसं ओळखणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

सुरुवातीला एका साप्ताहिकाचा एका वर्षाचा खंड पुरे. तो नीट स्कॅन करावा, चित्र आणि मजकूर शेजारी-शेजारी ठेवावेत, आधीची रूपं साठवावीत, आणि लोकांनी विचारलेल्या शंकांना उत्तर देणारा एक माणूस नेमावा. हा माणूस नसेल, तर बाकीच्या खर्चात पडू नये.